मधली खुर्ची

माझ्या गळ्यात पाटी व्हती. पुठ्ठ्याची, सुतळीनं बांधलेली. 'मी मेंढरू आहे. मला अक्कल नाही.' रविवार, भेटीचा वार. बायको गेटातून आत आली आन् पाटीकडं बघतच ऱ्हायली. तिला वाचता येतं. येत नसतं तर बरं झालं असतं.

पुण्याजवळ भुकूमच्या वरच्या अंगाला हे दारू सोडवायचं घर हाय. हितं दारुडेच दारुड्यांना सुधारत्यात. मिळून ऱ्हायचं, रांधायचं, झाडायचं. कामं दर सोमवारी बदलायची. सकाळी गोल करून बसायचं, मधी एक खुर्ची. कुणीबी कुणालाबी तिच्यात बोलवायचं आन् तोंडावर खरं सांगायचं. बसलेल्यानं गप ऐकायचं. खोटं कशाला बोलू, त्या खुर्चीनंच माझी दारू सोडवली.

पण सोमवार यायचा, सगळ्यांची कामं बदलायची, माझ्याकडं संडास तसाच. आमी धनगर. कामं वाटून देनारा घरप्रमुख हिंजवडीच्या आयटी कंपनीतला, तोबी दारूतूनच उठलेला, माझ्यापेक्षा धाकटा. बाकीच्यांना अहो-जाहो, मला एकट्याला अरे-तुरे. गोलात त्याला इचारलं, "माझं काम का बदलत न्हाई?"

"अरे, तुला लेंड्यांची सवय आहे ना!"

सगळा गोल हसला. माझं डोस्कंच फिरलं. म्हनलं, "आमच्या मेंढरांना तुमच्यापरीस जास्त कळतं." झालं! शिक्षा म्हनून पाटी गळ्यात.

बायकोनं माझा हात धरला. "चला घरी. हितं तुमाला मानसात धरत न्हाईत."

मी पाय उचललाबी व्हता. पण पौड रोडचं ते दारूचं दुकान डोळ्यापुढं आलं. घरी पोचायच्या आधी मी तितं पोचलो असतो. लई भ्या वाटलं. आत मेंढरू, बाहेर दारुडा. आरं, मग मी मानूस कुटं व्हायचं?

"तू जा," म्हनलं. "मी हितंच ऱ्हातो." ती रडत गेली.

सोमवारी गोल बसला. मी पाटी काढली, घरप्रमुखाचं नाव घेतलं आन् म्हनलं, "मधल्या खुर्चीत या."

आजवर त्याला कुणी बोलवलंच न्हवतं. हितल्या समुपदेशक बाई म्हनाल्या, "हे तुम्ही नाही, तुमची दारू बोलतेय."

"न्हाई बाई. पीत व्हतो तवा कोन काय बी बोललं तरी ऐकून घेत व्हतो."

घरप्रमुख जागचा हलला न्हाई. "पाटी घाल, नाहीतर बॅग भर."

मी पाटी त्या खुर्चीवर ठेवली आन् माझ्या जागेवर जाऊन बसलो.

खुर्ची अजून रिकामीच हाय. रोज सकाळी मी त्याचंच नाव घेतो. रोज बॅग भरायची धमकी येती. येऊ दे. दारूला शिवणार न्हाई, हितनं हलणार न्हाई. आन् तो त्या खुर्चीत बसल्याबिगर संडासाच्या बादलीला हात लावणार न्हाई.