दहा गुणांची सूट

लेकीने कॅरमवर बोरिक पावडर भुरभुरली आणि त्या वासाने मला भोकरदनच्या शाळेतला एक शनिवार आठवला. शाळा सुटल्यावर आम्हा शिक्षकांचे कॅरमचे सामने व्हायचे. गेम पंचवीस गुणांचा. मी सगळ्यांत कच्ची, म्हणून मला दहा गुणांची सूट, म्हणजे माझी सुरुवातच दहापासून. हरलं की पुढच्या वेळी सूट वाढायची, जिंकलं की कमी व्हायची, आणि तो हिशेब हेडमास्तर फळ्यावर मांडायचे. त्या दिवशी पावडर संपलेली, म्हणून शिपाईमामांनी घरून जवारीचं पीठ आणून बोर्डावर टाकलं. स्ट्रायकर मध्येच थांबायचा, भलेभले वैतागले. मी पहिल्यापासून धसमुसळी, सगळा जीव लावून मारणारी. त्या दिवशी तेच कामी आलं आणि मी सगळ्यांना हरवलं. हेडमास्तर म्हणाले, "आज बोर्डच जड होता, हरलेल्यांची सूट बिलकुल वाढणार न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण मॅडम, असल्या बोर्डावर तुम्ही जिंकल्या, मंग तुम्हाला सूट कशाला?" आणि माझ्या नावापुढचे दहा पुसून त्यांनी शून्य लिहिलं. पुढच्या शनिवारी मी सपाटून हरले, पण शून्यापासून हरले, आणि घरी पोचेपर्यंत गुणगुणत होते. आता लेकीला दहाची सूट मी देते, आणि ती नको म्हणेल त्या दिवसाची वाट बघते.