पंढरीची जीप आणि सरांचं ग्रहण

मोखाडा-जव्हार रस्त्यावर पंढरीची जीप कुणी कधी रिकामी पाहिली नाही, आणि भरलेलीही पाहिली नाही. कारण भरली की नाही हे ठरवणार पंढरी. आत चौदा, मागच्या फळीवर तिघे लटकलेले, टपावर दोघे आणि एक बोकड, एवढं झालं की तो आरशात बघून म्हणायचा, "सरका जरा आत. अजून एक बसंल."

आणि तो एक खरंच बसायचा. कुठे, ते त्यालाही कळायचं नाही.

आता पंढरीचे केस पिकलेत. जीपही दुसरी आहे. पण नियम तोच. रस्त्यात माणसानं हात केला की गाडी थांबवायची. न थांबता पुढे गेलं, तर पुढच्याच वळणाला टायर फुटतो, असं त्याचं ठाम म्हणणं.

"पण तुझा फुटलाय का कधी?" लोक विचारायचे.

"कसा फुटंल? मी कुणाला सोडलंच नाय कधी."

हा युक्तिवाद मोखाड्याच्या बाजारातल्या भल्या भल्या माणसांनी मान्य केला होता. पुढे एकदा फुटला. तो किस्सा ऐकायचा असेल तर ड्रायव्हरशेजारची जागा पकडावी. तिथे आरशाला पुठ्ठ्याचा, काळ्या काचांचा एक चष्मा लटकलेला असतो. त्याला हात लावला की पंढरी सुरू होतो.

दोन हजार नऊचा जुलै. आवणीचे, भातलावणीचे दिवस. दुपारी मोखाड्याच्या स्टँडवर एक म्हातारे गृहस्थ आणि एक तरुण बाई भिजत उभे होते. सोबत तीन लांबलचक पेट्या. नाशिकहून निघालेली त्यांची गाडी घाटात बंद पडली होती. म्हातारे खगोलशास्त्राचे प्राध्यापक, निवृत्त. ती बाई, योगिता, त्यांची विद्यार्थिनी, आता स्वतःच शास्त्रज्ञ. पंढरीनं त्यांची नावं लगेच ठेवून टाकली: मोठे सर आणि मॅडम.

"गुजरातेत जायचंय," सर म्हणाले. "नवसारीच्या पुढे. उद्या सकाळी सहा वाजून बावीस मिनिटांनी तिथे खग्रास सूर्यग्रहण आहे. जेमतेम तीन मिनिटांचं."

"पोचू की. बसा. दहा-बारा सीट झाल्या की निघू."

"सीट नाहीत. अख्खी जीप आमची. स्पेशल."

अख्खी जीप आणि माणसं दोन! लग्नाच्या पंगतीत अर्ध्या पत्रावळी रिकाम्या पाहाव्यात तसं पंढरीला झालं.

"आणि वाटेत कुठेही, कुणासाठीही थांबायचं नाही. शब्द दे."

पंढरी घुटमळला. तेव्हा मॅडमनं त्याला बाजूला घेतलं. "दादा, सरांचं हे तिसरं ग्रहण. ऐंशी साली ते कारवारकडे गेले होते. सगळा वेळ काळ्या कापडाखाली कॅमेऱ्यात काचा बदलत होते. फोटो झकास आले, पण वर बघायचं राहिलं. नव्व्याण्णवला कच्छला गेले, तर ढग. भारतात यापुढचं खग्रास दोन हजार चौतीसला."

"तवर सर...?"

"शहाण्णव वर्षांचे असतील."

पंढरीनं सरांकडे पाहिलं. सर पेटीवर छत्री धरून उभे होते. स्वतः भिजत होते.

"दिला शब्द," पंढरी म्हणाला. "पर मॅडम, तीन मिनिटांसाठी येवढं?"

"तीन मिनिटं तेवीस सेकंद," सर लांबूनच ओरडले.

जव्हार सोडलं आणि शब्दाची परीक्षा सुरू झाली. पंढरीची जीप रिकामी धावतेय ही गोष्ट रस्त्याला सहनच होईना. फाट्याफाट्यावर हात वर. पंढरी मान खाली घालून, दात आवळून म्हणायचा, "शाळेजवळ हळू घ्यायला लागतं." "इथं खड्डा हाय." जीप इतकी हळू व्हायची की माणूस चालता चालता चढला असता. सर मागून खाकरायचे. जीप पुन्हा पळायची. गाडी हळू केली म्हणजे थांबल्यासारखंच, चढला नाही तो त्याच्या मर्जीनं, म्हणजे आपण कुणाला सोडलं नाही, असा हिशेब त्यानं मनाशी लावला होता.

दाभोसाच्या फाट्यावर मात्र एक बाई रस्त्याच्या मधोमधच उभी. एका हातात परात, दुसऱ्या हातात मुसळ. मुसळासकट हात वर.

जीप थांबली.

"पंढरी!" सर कडाडले. "काय ठरलं होतं?"

"ठरलं तेच ठरलंय सर. पर हिच्या हातात मुसळ हाय."

तोवर ती, पोशी मावशी, चढूनही बसली होती, नेमकी दुर्बिणीच्या पेटीवर.

"बाई, उठा! त्यावर नका बसू!"

"का व? देव हाय का काय आत?"

"दुर्बीण आहे. ग्रहण बघायची."

"गिऱ्हाण बघाया?" पोशीनं पंढरीच्या खांद्यावर मुसळ टेकवून विचारलं, "पंढरी, ह्यो म्हातारा डोसा शाना हाय ना?"

"लई शाना. शिकलेला हाय."

"मंग शिकलेला मानूस गिऱ्हाणात बाहेर पडतो?"

पोशी निघाली होती खानवेलच्या अलीकडच्या पाड्यावर, लेकीकडे. लेक रुपी, आठवा महिना. ग्रहणाच्या वेळी परातीत पाणी घालून त्यात मुसळ उभं करायचं. ग्रहण लागलेलं असेतो ते आपोआप उभं राहतं, सुटलं की पडतं. तेवढा वेळ पोटुशीनं घरात पडून राहायचं. रुपीच्या सासरी मुसळ नव्हतं. गिरणी आल्यापासून विकून खाल्लं त्यांनी, पोशी म्हणाली.

सरांना राहवेना. "हे बघा बाई, मुसळाचं बूड सपाट असतं. ते कधीही उभं राहतं. ग्रहण असो वा नसो."

"मंग करा उभं."

"आत्ता?"

"आत्ताच. गिऱ्हाण नाय ना आत्ता?"

सरांनी मुसळ घेतलं, परातीत ठेवलं, नेम धरला, हात सोडला. त्याच क्षणी पंढरीच्या जीपनं खड्डा घेतला. मुसळ सरळ सरांच्या पायावर.

"बघा," पोशी समाधानानं म्हणाली. "नाय ऱ्हात."

मॅडम खिडकीबाहेर तोंड करून बराच वेळ पाऊस बघत बसल्या. त्यांचे खांदे हलत होते.

रुपीच्या पाड्याकडे जाणाऱ्या ओढ्यावरच्या मोरीवरून कमरेइतकं पाणी चाललं होतं. पलीकडच्या काठावर जावई जिव्या छत्री धरून उभा. पोशी अलीकडे, मुसळ हातात. मुसळ काही पलीकडे फेकता येईना.

"जिव्या!" ती ओरडली. "पोरीला बाहेर सोडू नको! विळा-कोयता हाताला लागू देऊ नको!"

"मुसळाचं काय?" पलीकडून आवाज.

पोशीनं सरांकडे पाहिलं. "सर, गिऱ्हाण हितलं नि तुमच्या गुजरातचं, येकच का दोन?"

"एकच. सूर्य एकच आहे."

"ऐकलं का रं? येकच हाय! मुसळ मी गुजरातेत उभं करते!"

सर मॅडमकडे वळले. "तत्त्वतः," ते मॅडमना हळूच म्हणाले, "मला यात चूक दाखवता येत नाहीये."

अशी पोशी स्पेशलमध्ये कायमची बसली. रात्र एका पंपावर जीपमध्येच गेली. पहाटे पाचला पंढरीनं किल्ली फिरवली तेव्हा सर जागेच होते. आकाश खालीवर सारखंच राखाडी होतं. पाऊस थांबलेला, ढग मात्र हलायला तयार नव्हते. सरांनी एकदाच वर पाहिलं आणि म्हणाले, "चल. आता मात्र एक सेकंदही दवडू नकोस, पंढरी. पाया पडतो तुझ्या."

असं कुणी पंढरीला आजवर म्हटलं नव्हतं. त्याला कसंतरीच झालं.

सहा वाजले. ग्रहण बघायला ठरलेली टेकडी आठ किलोमीटरवर. आणि समोर रस्त्याकडेला एक माणूस, डोक्यावर कोंबड्यांची पाटी. त्यानं हात केला.

पंढरीचा पाय ब्रेककडे गेला. आरशात सर दिसले. नुसते बघत होते. पंढरीनं पाय उचलला, डोळे रस्त्यावर खिळवले आणि आयुष्यात पहिल्यांदा हात केलेल्या माणसाला, गाडी हळूही न करता, मागे टाकून गेला. "माफ कर रं बाबा," तो पुटपुटला.

"अरारा," पोशी म्हणाली. "सोडलास?"

पुढच्या वळणाला टायर फुटला.

मोठा आवाज, जीप तिरकी, मग शांतता. पंढरी स्टिअरिंगवर डोकं ठेवून म्हणाला, "मी सांगत व्हतो."

"हा योगायोग आहे!" सर ओरडले, पण आवाज रडवेला होता. सहा वाजून आठ मिनिटं. सभोवती भाताची खाचरं, टेकडीचा पत्ता नाही, आणि वर ढगांचं झाकण. मॅडमनी दुर्बिणीची पेटी उघडायला घेतली. सर म्हणाले, "राहू दे. यंत्रात गुंतलो तर ऐंशी सालासारखं व्हायचं. असेल नशिबात तर डोळ्यांनी बघेन." आणि ते बांधावर पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. ग्रहण बघायचा पुठ्ठ्याचा चष्मा हातात, कुठे लावायचा ते माहीत नाही अशा माणसासारखे.

पंढरी जॅक घेऊन जीपखाली शिरला. पोशीनं डबक्यातलं पाणी परातीत भरलं आणि मुसळ उभं केलं. ते उभं राहिलं. इतक्यात मागून तो पाटीवाला चालत चालत येऊन पोचला. लाडक्या त्याचं नाव, पोट भरायला इकडे आलेला आपल्याच बाजूचा माणूस.

"का रं, थांबला का नाय?"

"थांबलोय की," जीपखालून पंढरी म्हणाला.

आणि मग नट घट्ट करता करता पंढरीला वाटलं, आपले डोळे गेले. दिसेनासं झालं. तो धडपडत बाहेर आला. खाचरं काळी, झाडं काळी, बेडूक एकदम गप्प. गार वारं सुटलेलं. पाटीतल्या कोंबड्या पंखात माना घालून बसल्या.

अठरा वर्षं गाडी चालवणारा माणूस अंधार पडला की काय करतो? पंढरी तेच करून बसला. हात आत घातला आणि हेडलाइट लावले.

लखलखीत उजेड थेट सरांच्या पाठीवर.

"बंद कर!" सर किंचाळले. "अरे गाढवा, बंद कर!"

"अंधार झालाय सर!"

"त्यासाठीच आलोय मी!"

लाइट विझले. सगळे आंधळे झाले. डोळे सरावतात न सरावतात तोच मॅडम म्हणाल्या, "सर. खाली. झाडांच्या वर."

ढगांचं झाकण पूर्वेला क्षितिजाजवळ बोटभर उचललं गेलं होतं. त्या फटीत तो होता. पंढरी आजही एकाच तऱ्हेनं सांगतो: पेटल्या चुलीवर तवा आहे आणि आपण तो खालून बघतोय. मधे तवा काळाकुट्ट, आणि कडेकडेनं सगळीकडून पांढरा जाळ.

मॅडमच्या हाती घड्याळ होतं, पण त्यांनीही मोजलं नाही. फट मिटली. अकरा सेकंद असतील, बारा असतील.

सर तसेच उभे. मग हळूच त्यांनी हात मागे नेला, चाचपडला, आणि जो पहिला हात सापडला तो घट्ट धरला. तो पंढरीचा होता, ग्रीसनं भरलेला. दोघं तसेच उभे राहिले, उजेड परत येईपर्यंत.

उजेड आला, आणि लाडक्याच्या पाटीतली एक कोंबडी बाहेर उडी मारून परातीवर आदळली. मुसळ पडलं.

"सुटलं गं बाय!" पोशीनं हात जोडले.

"कोंबडीनं पाडलं ते," सर डोळे पुसत म्हणाले.

"मंग? कोंबडीला कळलं नाय का सुटल्यालं?"

सर खो खो हसत सुटले. इतके की बांधावर बसावं लागलं. पंढरीला वाटलं, म्हातारा गेला कामातून.

निघताना सरांनी पुठ्ठ्याचा चष्मा पंढरीच्या आरशाला लटकवून दिला. परतीच्या वाटेला लाडक्या कोंबड्यांसकट आत बसला. दोन किलोमीटरवर एका बाईनं हात केला. पंढरीनं आरशात पाहिलं.

"थांबव," सर म्हणाले.

पुढे चौघं बापये उभे.

"थांबव."

खानवेल येईपर्यंत मॅडमच्या मांडीवर कुणाचं तरी पोर आणि सरांच्या मांडीवर दुर्बिणीची पेटी, पेटीवर कोंबड्यांची पाटी. मोरीवरचं पाणी ओसरलं होतं. पोशी मुसळ घेऊन उतरली. पलीकडे दारात रुपी उभी दिसली, धडधाकट. पोशीच्या जागी लगेच दोघं चढले.

"सर," मॅडमना अखेर राहवलं नाही, "तुम्हीसुद्धा? टायर फुटतो म्हणून?"

"छे," सर कोंबडीची चोच नाकावरच्या चष्म्यापासून दूर करत म्हणाले. "अंधश्रद्धा आहे ती निव्वळ. पण योगिता, आता आपल्याकडे स्टेपनी नाही. उगाच धोका कशाला घ्या?"

समोर आणखी एक हात वर झाला. पंढरी काही बोलायच्या आत मागून सरांचाच आवाज आला.

"सरका जरा आत. अजून एक बसेल."