चार चौकटींचे काका

काका आधी चष्मा कपाळावर ढकलत आणि मग म्हणत, "झाकू नकोस. शेजारी ठेव."

उत्तरेत गंगेकाठी, पंचगंगा घाटावरच्या आमच्या छोट्या मराठी वाचनालयात ते संगणक सांभाळत. त्यावर चित्रं नाहीत, चिन्हं नाहीत. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. दोन बटणं दाबून ते पडद्याच्या चार चौकटी करत आणि चारही कामं डोळ्यांसमोर ठेवत. मी मात्र एकच खिडकी पडदाभर उघडून बाकी सगळं तिच्याखाली गाडणारी. पत्रकं काढणाऱ्यांच्या घरात वाढले. एकच मथळा, तोही मोठा.

"भिंतीला भिंत. अगदी आपली गल्ली," पेपर वाचायला येणाऱ्या मावशी म्हणायच्या.

तीच गल्ली रुंदीकरणात जाणार होती. यादीतल्या भाडेकरूंना दुसरीकडे खोली मिळणार होती. मावशींचं नाव यादीत नव्हतं. मी तिथंच पत्रक लिहायला घेतलं: विधवेची खोली कारकुनाने खाल्ली!

"खाल्ली, हे तुला कुणी सांगितलं?" काकांनी विचारलं. एका चौकटीत त्यांनी नवी यादी उघडली, शेजारी भाडेकरूंची जुनी यादी, खाली मतदारयादी. तिन्हींवरून त्यांचं बोट सावकाश फिरलं. आपल्याकडे बाईच्या नावानंतर नवऱ्याचं नाव येतं, मग आडनाव. इथल्या कारकुनाला ही रीत ठाऊक नव्हती. त्याने मधल्या नावालाच भाडेकरू केलं आणि पुढे शेरा मारला: मयत.

"लुच्चेपणा नाही, पोरी. अज्ञान आहे. पण लढायचं तर आहेच. चल."

कचेरीतला बाबू म्हणाला, "पंडितजी, ये तो गुजर चुके हैं."

"भैया, उनकी पत्नी नीचे बैठी हैं. सीढ़ी नहीं चढ़ पातीं. आप उतरेंगे?"

बाबू उतरला. मावशींना खोली मिळाली.

काकांना नाही मिळाली. त्याच गल्लीतली त्यांची खोली वारलेल्या थोरल्या भावाच्या नावावर होती, आणि भावाच्या जागी भाऊ कुठल्याच नियमात बसेना. मी पत्रक काढलं, शब्द न् शब्द तपासून. घाटाघाटांवर वाटलं. काही झालं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

काका जबलपूरला मुलीकडे गेले. तुमच्याही ओळखीचं कुणी असं गाव सोडून गेलं असेल, तर त्यांचे फोन कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे. तब्येतीचं नाही, हवेचं नाही. "पाणी कुठल्या पायरीला आलंय?" एवढंच.

फोन कानाला धरूनच मी घाट उतरू लागते. "थांबा काका, बघून सांगते." पावलांना पाणी लागेपर्यंत मी पायऱ्या मोजत जाते.