नाव नसलेली हाक

आप्पांनी मला विचारलं होतं, "तुला ऐकू येतंय का रं?" आणि मी "न्हाई" म्हणालो होतो. मला स्वच्छ ऐकू येत होतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

आप्पा म्हणजे आमच्या शेजारचे विणकर. वडगावात आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे आणि भिंतीपलीकडं त्यांचे माग. जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेल्यामुळं त्यांचे कान केव्हाच गेले होते. समोर उभं राहून बोललं तर ओठ बघून त्यांना कळायचं, पाठमोरं बोललं तर काही नाही. पण एक आवाज त्यांना कसल्याही गोंगाटात पोचायचा. दुपारी एकच्या सुमाराला आक्का, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघराच्या दारात येऊन हाक मारायची, "आवोऽऽ, वाढलंय, याऽऽ!" ती ओरडायची नाही. मागातला धोटा सूत घेऊन एका टोकाला जाऊन परत फिरायच्या आत क्षणभर जी पोकळी असते, त्यात ती हाक बरोबर सोडायची. बारीक, उंच, शेवटाला किंचित वर जाणारी. आप्पा माग थांबवून उठायचे. त्या हाकेशिवाय ते कधी ताटावर बसले नाहीत.

मी आवाजाचं काम करतो. आधी भजनी मंडळांच्या कॅसेटी आणि निवडणुकीतल्या रिक्षांचं बोलणं रेकॉर्ड करायचो. ते आटलं तेव्हा निपाणीत नोकरी मिळाली. तंबाखूच्या जुन्या व्यापारी घरातल्या धाकट्यानं मोबाईलवरच्या गेम करणारी कंपनी काढली होती, घरच्याच वखारीत. काचेची दारं बसवली, भिंती रंगवल्या, तरी दमट हवेत भिंतीतून तंबाखूचा वास सुटायचा आणि बंगळुरूहून मुलाखतीला आलेली पोरं शिंकून बेजार व्हायची. आम्ही त्याला शेठ म्हणायचो. वयानं तो माझ्यापेक्षा लहान होता.

शेठची पहिली गेम एकदा पैसे देऊन विकत घ्यायची होती. चांगली होती. कुणी घेतली नाही. मग तो मोठ्या कंपन्यांच्या बैठकांना जाऊन आला आणि आल्या आल्या सगळ्यांना गोळा करून म्हणाला, "लोक आता गेम विकत घेत न्हाईत. फुकट द्यायची. पण उद्या परत आलं पायजे, परवा परत आलं पायजे. त्या परत येण्याचाच धंदा हाय सगळा. आमच्या आज्जाला हे कुणी शिकवलं नव्हतं. पहिली चिमूट तो फुकटच द्यायचा." सगळे हसले. मीही हसलो.

तेव्हा भुताच्या गेमना मागणी होती. शेठनं एक ठरवली. ओस पडलेली मागांची शेड, आतून एक बाई हाक मारते, हाकेच्या मागं गेलं की खेळ संपला. कोल्हापूरच्या नाटकवाल्या दोघींचे आवाज मी घेऊन दिले. शेठनं ऐकले आणि मान हलवली.

"ही भूत वाटती रं. मला भूत वाटणारी नको. घरची वाटणारी पायजे."

घरची हाक कशी असते ते मला माहीत होतं. वर्षानुवर्षं भिंतीतून ऐकत आलो होतो.

आक्काला मी सांगितलं, गल्लीतले माग एकेक करून बंद पडायला लागलेत, तर त्यांचे आवाज जपून ठेवतोय. ते तसं खोटं नव्हतं. मला खरंच तसं करायचं होतं, कधीतरी.

"मग माझा कशाला? मी काय माग हाय व्हय?"

"तुमच्या हाकेशिवाय माग थांबतो कुठं, आक्का?"

ती हसली. पदराला हात पुसत म्हणाली, "आणि ऐकवणार कुणाला?"

"कुणाला न्हाई. जपून ठेवायचं."

तिनं हाक मारली. चूल अजून पेटायची होती, तरी पलीकडचा माग थांबला आणि आप्पा दारात येऊन उभे. आक्का कपाळाला हात लावून म्हणाली, "बघा! बाजारात जावा म्हणून शंभरदा सांगितलं तर कान न्हाईत. वाढलंय म्हटलं की हजर!" आप्पांना काही कळलं नाही, तेही हसले. ते हसणंसुद्धा रेकॉर्ड झालं.

शेठनं डोळे मिटून ऐकलं.

"नाव न्हाय घेतलं तिनं."

"आमच्या गल्लीत जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत न्हाईत."

"आरं, मग सोनंच की! नाव न्हाय म्हणजे ज्याला ऐकू येईल त्याला वाटणार, मलाच बोलावलंय." मग जरा थांबून, "बाईला विचारलंयस न्हवं?"

"विचारलंय."

त्यानं ती हाक गेममध्ये घातलीच, पण तेवढ्यावर थांबला नाही. ज्यानं सकाळपासून गेम उघडली नाही, त्याचा मोबाईल दुपारी एकला आपणहून हाक मारेल, असं करून घेतलं. गेम बाजारात यायच्या आधीच आक्का तापाचं निमित्त होऊन गेली. गेममधून तिची हाक अजून काढून टाकता आली असती. मी तिला खांदा दिला, आप्पांना घरी आणून बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी निपाणीची बस धरली.

गेम चालली. लई चालली. एकदा कोल्हापूरला जायला निपाणीच्या स्टँडवर बसमध्ये बसलो होतो. एक वाजला असावा. मागच्या सीटवरून आक्का म्हणाली, "आवोऽऽ, वाढलंय, याऽऽ!" मग ड्रायव्हरच्या बाजूनं. मग खिडकीबाहेर, उसाचा रस विकणाऱ्याकडून. एकदम नाही, एकामागून एक, जणू ती बसभर फिरून कुणाला तरी शोधत होती. मला जास्त भीती वाटली ती माणसांची. मोबाईलकडं आधी कुणीच बघितलं नाही. सगळ्यांनी आधी मान वर केली आणि खिडकीबाहेर बघितलं, आपापलं घर तिकडंच असावं तसं. मग हात खिशात गेले. माझ्या शेजारी तेंदूपानाची पिशवी घेऊन एक म्हातारी बसली होती. तिनं मला विचारलं, "कोण बोलावतंय वो?"



पुढं मोठ्या कंपन्यांनी छोट्या कंपन्या विकत घ्यायचं सुरू झालं. शेठनं आमचीही विकली, एका परदेशी कंपनीला. त्यांच्या साहेबांना आम्ही एकदाच बघितलं, पडद्यावर. त्यांनी आम्हाला एक कुटुंब म्हटलं आणि आमच्यातल्या बहुतेकांची नोकरी गेली. माझीही. आवाज मात्र त्यांच्याकडं राहिला. त्यांच्या यंत्रानं तो शिकून घेतला. आता आक्का तमिळमध्ये हाक मारते, बंगालीत मारते. तिला मराठी आणि कन्नड सोडून काही येत नव्हतं. मी ऐकून बघितलं. भाषा कुठलीही असो, शेवट तसाच किंचित वर जातो.

मी दुपारचा घरी राहायला लागलो तेव्हा पुढचं कळलं. आप्पांच्या माडीवर कॉलेजच्या दोन पोरी भाड्यानं आल्या होत्या. आप्पा एकच माग चालवत होते. एक वाजता माडीवरून हाक आली, आणि भिंतीपलीकडचा माग थांबला.

मी परसात होतो. आप्पा बाहेर आले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत उभे राहिले. त्यांची सून बाहेर गेली होती, दाराला कडी होती. पोरींचा मोबाईल पुन्हा बोलला. आप्पांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. भीती नव्हती. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तुला ऐकू येतंय का रं?"

हो म्हटलं असतं तर कुठून येतंय ते सांगावं लागलं असतं, मग कुणी आणलं ते. मी म्हणालो, "न्हाई आप्पा."

ते हळूच म्हणाले, "मग मलाच." आणि समाधानानं आत गेले.

पंधरवड्यानं सून परसाच्या भिंतीवरून माझ्या बायकोला सांगत होती, "ताट ठेवलं की मामंजी म्हणतात, तिकडं वाढलंय, हितं कशाला? दोन घास खात्यात आणि ताट सारतात. डॉक्टर म्हणतात, आजार काय न्हाई." आप्पांचा सदरा खांद्यावरून उतरायला लागला होता. दुपारी ते धुतलेलं धोतर नेसून बसत. जायला निघाल्यासारखे.

मी माडीवर गेलो. पोरींना म्हणालो, खाली म्हाताऱ्यांना त्रास होतो, ती गेम काढून टाका. त्यांनी माझ्यासमोर काढली. "सॉरी अंकल. आम्हालाच त्या बाईची भीती वाटायची." मला वाटलं, संपलं. काही कबूल न करता निस्तरलं.

पण आता एक वाजला की आप्पा आपणच माग थांबवतात आणि मागावर हात ठेवून ऐकत बसतात. सून ताट झाकून ठेवते. "बोलावल्याबिगर कसं बसायचं?" म्हणतात. आधी दोन घास तरी जात होते. काल मला परसात गाठून त्यांनी विचारलं, "रागावली असंल का रं? इतक्यांदा बोलावलं, मी गेलो न्हाई म्हणून?"

मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडं आहे. आज दुपारी मी स्पीकर भिंतीला टेकवून ठेवला होता. रोज एकला बटण दाबलं तर आप्पा उठतील. ताट भिंतीच्या बाजूला ठेवायला सांगितलं तर जेवतीलही. पलीकडचा माग थांबला. माझं बोट बटणावर होतं. तेव्हा लक्षात आलं, हे शेठचंच काम आहे, तेच मी फुकट करायला निघालोय. वायर काढली. पलीकडं ते ऐकत बसले होते, अलीकडं मी.

माणूस उपाशी आहे आणि त्याला वाटतंय, मेलेली बायको रुसली. मी आप्पांना एक उत्तर देणं लागतो. व्हय आप्पा, मला ऐकू येत होतं. तो आवाज आक्काला खोटं सांगून मी नेला होता. तिनं तुम्हाला बोलावलेलं नाही आणि ती रागावलेलीही नाही. हे त्यांच्यासमोर उभं राहून, ओठ दिसतील असं सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.