दिगंबरवैद्यांची पुडी

सेलूच्या बाजारात दिगंबरवैद्य रोग्याला तोंड उघडूच देत नसत. माणसाने पायरीवर उभं राहून छातीवर हात ठेवला, की वैद्यांचा हात बरणीत! बसल्या जागेवरून पुडी अशी फेकत, की नेमकी रोग्याच्या उपरण्यात पडावी. नाडी नाही, जीभ पाहणं नाही. मी शाळेत मास्तर. सुटी झाली की हा फुकटचा तमाशा बघायला त्यांच्या ओट्यावर जाऊन बसे.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. वैद्य म्हणत, "मास्तर, हुजुरांची हुकूमत गळ्यापर्यंत. त्याच्या खाली पित्ताचं राज्य!" खोटं नव्हतं. कापसाची गाडी घेऊन आलेला कुणबी, जिनिंगमधला हमाल, अडत्या, कीर्तनकार, सगळ्यांच्याच घशाशी आंबट येई. एकदा खुद्द पोलिसांचे अमीनसाहेब आले. कडक वर्दी, ओठ मिटलेले, हात छातीवर. वैद्य उठून सलाम करत म्हणाले, "आइए हुजूर! आप भी हमारीच जमात के निकले!" अमीनसाहेब हसले आणि दोन पुड्या घेऊन गेले.

"घरटी एकाला तरी जळजळ हाय," वैद्य बोट नाचवत सांगत. "ज्याला त्याला हाय, तो रोग कसला? तो रिवाज!"

एका उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी, गोदाकाकू, आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "अहो, मलाबी जळायलंय."

"आलीस का तूबी? चला, घर तेवढं राहिलं होतं!"

ओट्यावर बसलेले आम्ही सगळे खळखळून हसलो. मी सर्वांत मोठ्याने. काकूंनी पुडी पदरात झेलली.

महिन्याभराने त्या म्हणाल्या, "भाकरीचा घास अडायलाय हो."

"चावून खा. सगळं गाव खायलंय की."

मग भाकरी दुधात कुस्करून, मग नुसती पेज. पाणीही उलटून आलं, त्या दिवशी वैद्यांनी बायकोची नाडी पहिल्यांदा हातात घेतली. हैदराबादला नेलं. अन्ननलिकेत गाठ आहे, फार उशीर झाला, असं सांगून तिथल्या डॉक्टरांनी परत पाठवलं. दिवाळीच्या आधी काकू गेल्या. तोंडात घातलेलं गंगेचं पाणी ओठांच्या कडेने बाहेर आलं.

त्यानंतर वैद्य एकेका रोग्याला तासतासभर बसवून घेऊ लागले. "घास अडतो का? नीट आठवून सांगा." लोक वैतागले. साध्या जळजळीला एवढी उलटतपासणी कशाला, म्हणत वाण्याकडून सोडा नेऊ लागले. दुकान ओस पडलं.

एका दुपारी मीच गेलो. ठेचा बाधला होता, एवढंच. त्यांनी मनगट धरलं.

"घास अडतो?"

"नाही."

"पाणी?"

"नाही हो, वैद्यबुवा. साधं पित्त आहे. सगळ्यांना असतं तसं."

बोललो आणि जीभ चावली.

"ती मला सांगायली होती, मास्तर," ते म्हणाले. "अन् मी तिला गावात मोजली."

माझं मनगट त्यांनी सोडलं नाही. मलाही ते सोडवून घेता आलं नाही.