साहेबाचं गोत्र

पितृपक्षात अण्णा, म्हणजे माझे वडील, बालाजी घाटावर तर्पण करायचे. मंत्र सांगायला काका, त्यांचे धाकटे भाऊ. घरातच उपाध्याय असल्यामुळे बाहेरचा बोलावायची सोय नव्हती, आणि घोळ झाला तो त्यामुळेच.

इंग्रज जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. आमच्या घरातून मात्र तो पुरता निघाला नव्हता. अण्णा रेल्वेत कारकून. त्यांना कॉलरा झाला तेव्हा त्यांच्या गोऱ्या साहेबानं स्वतःच्या मोटारीत घालून इस्पितळात नेलं होतं. काकांचा उजवा कोपर चळवळीत लाठीनं मोडला, तो पुन्हा सरळ झालाच नाही. इंग्रजाचा विषय निघाला की आई दोघांच्या पानांत घाईघाईनं भात वाढायची.

त्या वर्षी विलायतेहून पत्र आलं, साहेब वारले. सर्वपित्रीला आजे-पणजे झाले, आप्त झाले, तरी अण्णांनी तीळ घेऊन पुन्हा ओंजळ भरली.

"आता कोण राहिलं?" काकांनी विचारलं.

"साहेब."

"थट्टा करता काय, दादा?"

"मित्राला चालतं. तूच सांगतोस."

"आणि गोत्र कुठलं सांगू त्याचं?"

"माहीत नसलं की काश्यप म्हणायचं. हेही तूच सांगतोस."

काका उडालेच. आमचं स्वतःचं गोत्र काश्यप!

"म्हणजे आता भाऊबंद झाला तो आपला? वा! हा हात बघा, दादा."

"त्यानं नाही मोडला."

"त्याच्या राज्यानं मोडला."

"मी मेलो असतो रे," अण्णा म्हणाले. "एवढं एकदा म्हण."

मुकाट्यानंही पाणी सोडता आलं असतं. पण शब्दांवाचून ते साहेबापर्यंत पोचेल, असं अण्णांना वाटत नव्हतं.

मी तेव्हा अठरा वर्षांचा, विद्यापीठात संस्कृत घेतलेला, साम्राज्यशाहीवर भाषण ठोकून कप मिळवलेला. अण्णांना मंत्र येत नव्हता; मला पाठ होता. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग काकांनीही. मी घसा खाकरला आणि पलीकडच्या तीरावरल्या रामनगरकडे निघालेल्या नावेकडे असा निरखून बघू लागलो, जणू तिची तपासणी सरकारनं माझ्याकडेच सोपवली होती.

अण्णांनी हात खाली घेतले नाहीत. पाणी बोटांच्या फटींतून गळत होतं, मनगटांवरून धोतरावर. काकांचे डोळे भरले होते, ओठ मात्र मिटलेले. शेवटी ओंजळीत नुसते काळे तीळ उरले, तळव्यांना चिकटलेले.