दीड पातेल्याची लढाई

"तिकडे इमान पडलं अन् इकडे चहाचा पत्ता नाई. झोपले काय सारे घरात?"

ओट्यावरून दौलतराव ओरडत होते. दौलतराव धाड गावात ओरडले की पलीकडच्या जिल्ह्यात बैल माना वर करत, असा तो आवाज. मी त्याच दिवशी शाळेवर हजर झालो होतो आणि त्यांच्या माडीवरच्या भाड्याच्या खोलीत ट्रंक उघडत होतो. विमान गावच्या शिवारातच पडलं असणार, अशा समजुतीनं मी एका पायात चप्पल घालून खाली धावलो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाच फुटांच्या आतली एक बाई पदर खोचून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या अनवाणी पायाकडे पाहिलं आणि ओट्याच्या दिशेनं विचारलं,

"किती जण?"

"एक्केचाळीस."

"हे मास्तर धरून बेचाळीस," ती म्हणाली. "दीड पातेलं." आणि आत गेली.

या सुभद्राकाकू, दौलतरावांच्या घरच्या. विमान पडलं होतं व्हिएतनामात, आणि त्याचा चहा उकळत होता धाडात.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली असतील. त्या आळीत रेडिओ एकच, दौलतरावांचा. त्याची बॅटरी उचलायला दोन माणसं लागत. त्याची तार निंबावरून थेट मारुतीच्या कळसापर्यंत गेली होती. त्या तारेवर बसणारे कावळे पुढे पुढे हिंदीत ओरडू लागले, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. कोणाला पटत नसेल तर इलाज नाही, ते कावळे आता हयात नाहीत. दौलतरावांनी ओट्याच्या भिंतीवर कोळशानं व्हिएतनामचा नकाशा काढला होता. एकदा म्हशीनं अंग घासून त्याचा वरचा अर्धा भाग पुसून टाकला, तेव्हा नवा कोळसा मिळेपर्यंत दौलतरावांनी उत्तरेकडची एकही बातमी कोणाला सांगितली नाही.

काकूंनी तो नकाशा कधी पाहिला नाही. त्यांचं माप वेगळं होतं. साध्या चकमकीला अर्धं पातेलं. विमान पडलं तर दीड. एखादं शहर हातचं गेलं तर दोन, आणि साखर संपली म्हणून दुसरं गुळाचं. तहाची बोलणी सुरू झाली की पाव, कारण बोलणी ऐकायला कोणी येत नसे. सकाळी मी पाणी भरायला खाली गेलो की त्या सांगत, "मास्तर, काल लढाई लयच वाढली. साखरेचा डबा पार खरवडला." पुढे मी एका मोठ्या विद्वानाचं या लढाईवर दोन तासांचं भाषण ऐकलं. काकूंनी तेच मला डब्याचं झाकण उघडून दाखवलं होतं.

आता या चहात काकूंचं काय अडलं होतं, ते सांगितलं पाहिजे. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी जातात. काकूंचं माहेर डोणगाव, पहिल्या एस.टी.नं निघावं, गाड्या बदलत दुपारच्या जेवणाला पोचावं. पण लढाईच्या पहिल्या वर्षी दौलतराव म्हणाले होते, "एवढी लढाई संपू दे, मंग जाय खुशाल महिनाभर. माणसं येऊन राह्यले, त्याईचा चहा कोण करीन?" काकूंना वाटलं, लढाई म्हणजे किती, पेरणीपर्यंत आटपेल. मी गेलो तेव्हा सहावी आखाजी कोरडी गेली होती. डोणगावकडून बाजाराला येणाऱ्या मिरचीवाल्याजवळ त्यांची म्हातारी आई दर वेळी एकच निरोप देई: "डोळे चालले, माय. दिसते तवर येऊन जाय."

"मास्तर, तुमी शिकेल माणूस," काकू एकदा म्हणाल्या. "हे लढाई कवा संपते?"

मी विद्वत्तेनं सांगितलं की हे कोणालाच सांगता येणार नाही.

"मंग लढतात कायले? पह्यले इचारून तं घ्यावं."

आणि खरंच कोणीतरी विचारलं. एका संध्याकाळी रेडिओवर बातमी आली की त्या लढणाऱ्या देशात लोकांची मतं घेतली. लढाई चालू ठेवायची की थांबवायची? पुष्कळ जण म्हणाले, थांबवा. दौलतराव खो खो हसले. "लोकाईले इचारून कोणी लढाई करते का? उद्या म्हणतीन, बायकाईले इचारा."

"इचारा ना," आतून आवाज आला.

रेडिओ खरखरायचा थांबला. काकू कपांची परात घेऊन बाहेर आल्या. "तिथच्या लोकाईचं मत घेतलं. इथं सा वरसं झाले, मी चहा पाजून राह्यली. आपल्याले काऊन नाई इचारलं कोणी?"

दौलतरावांना मतदानाचं भारी वेड. ते ग्रामपंचायतीला उभे राहून एका मतानं पडले होते. ते एक मत कोणाचं, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. ते मांडी ठोकून म्हणाले, "घेऊ मत. गाव म्हणीन बंद, तं ओट्यावरचा चहा बंद अन् तू डोणगावले. पण गाव म्हणीन चालू, तं लढाई संपेपर्यंत माहेराचं नाव काढाचं नाई."

"हाव," काकू म्हणाल्या.

निवडणूक अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली. मास्तर दुसऱ्या कशासाठी असतात?

बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मतदान ठेवलं. ओट्यापुढे पाचशे माणूस होता. बरं, दीडशे धरा. पुढे पुरुष बसले होते आणि बाजारातून परतणाऱ्या बायका टोपल्या डोक्यावरून न उतरवता मागच्या भिंतीशी उभ्या होत्या. दौलतरावांनी भाषण केलं. लढाई मधेच सोडणं मर्दाचं काम नव्हे, एवढं रक्त सांडलं ते काय फुकट जाऊ द्यायचं, वगैरे. रक्त कोणाचं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि कपात चहा असल्यामुळे कोणी विचारलंही नाही. मग ते गरजले, "चालू ठेवा म्हणणाराईनं हात वर करा."

हातांचं रान उगवलं. एकानं दोन्ही हात वर केले. मीही एक केला. मोजण्यासाठी केला असं मी तेव्हा म्हणालो. पण खरं सांगायचं तर मी रोज तीन कप पीत होतो.

मी काकूंकडे पाहिलं. मोठं पातेलं कमरेवर घेऊन त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. चेहरा असा, की जणू भाजीचा भाव ऐकत आहेत.

"मोजा मास्तर," त्या म्हणाल्या. "अन् नावं लिहून घ्या."

"नावं कायले, वैनी?" पुढच्या रांगेतल्या गणपत शिंप्यानं विचारलं.

"पाळी लावाले. ज्याचा हात वर, त्याच्या घरी चहा. उद्यापासून रेडिओ तुमच्या ओट्यावर अन् हे पातेलं तुमच्या चुलीवर. खुशाल चालू ठेवा लढाई, माह्यं काई म्हणणं नाई. तुमच्या घरच्या मांगच उभ्या हायेत, त्याईले इचारून घ्या."

दीडशे मानांनी एकदम मागं वळून पाहिलं. मागं टोपल्या खाली उतरल्या, आणि रिकामे झालेले हात कमरेवर गेले.

गणपत शिंप्याचा हात हळूच खाली येऊन कान खाजवू लागला. नामदेव पैलवानाचा हात पागोट्याकडे वळला. मग तो म्हणाला, मी तर घार दाखवत होतो. दोन्ही हात वर करणाऱ्यानं मोठी जांभई दिली आणि आळस देऊन दोन्ही खाली घेतले. वारा सुटल्यावर ज्वारी आडवी होते तसं ते रान आडवं झालं.

"मास्तर, तुमचा हात अजून वर हाय," काकू म्हणाल्या. "बेचाळीस कप हायेत का तुमच्यापाशी?"

माझ्याकडे एक होता, त्यालाही कान नव्हता. माझा हात आपोआप खाली आला.

एकटे दौलतराव हात वर करून उभे राहिले. मानी माणूस. सूर्य त्यांच्या बगलेतून मावळला, तरी हात खाली नाही.

"एक विरुद्ध सगळे," मी जाहीर केलं. "लढाई बंद."

तसा ठराव मी पोस्टकार्डावर लिहिला आणि त्या देशाच्या अध्यक्षांना पाठवून दिला. त्यांनी ऐकलं नाही. पत्ता पुरेसा नव्हता, असं पोस्टमास्तरांचं मत पडलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं काकू निघाल्या. सोबत एक गाठोडं आणि ते मोठं पातेलं. "मायले पाणी तापवाले कामी येईन," एवढंच त्या म्हणाल्या. दौलतरावांनी त्या संध्याकाळी आयुष्यातला पहिला चहा केला. धूर पाहून शेजारी बादल्या घेऊन धावले. तीन भांडी जळाली. विसाव्या दिवशी मात्र त्यांना एक कप चहा जमला. दोन कप शेवटपर्यंत जमले नाहीत.

महिना झाल्यावर ते डोणगावला आणायला गेले. वेशीपासून ओरडत गेले, म्हणे. काकूंनी विचारलं, "लढाई संपली का?" ते म्हणाले, "नाई." काकू म्हणाल्या, "मंग?" त्याच एस.टी.नं दौलतराव परत आले. पंधरा दिवसांनी काकू आपण होऊन आल्या. पातेलं डोणगावलाच राहिलं होतं.

"आई काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणे, बारीक झाली तू." काकू सुपातली तूर पाखडत होत्या. हात थांबला. "म्हंजे दिसलं तिले."

नंतरही तिकडे लढाई काही वर्षं चालली, पण ओट्यावर कोणी फिरकत नसे. चहा नसलेल्या लढाईत गावाला गोडी उरली नव्हती. दौलतराव एकटेच रेडिओशी भांडत बसत. नकाशा पुन्हा म्हशीनं पुसला, तो त्यांनी काढला नाही.

माझी बदली झाली तेव्हाची गोष्ट. मी माडीवर तीच ट्रंक भरत होतो. खालून असा आवाज उठला की पलीकडच्या जिल्ह्यातल्या बैलांनी पुन्हा माना वर केल्या असणार.

"अवं, संपली. ऐकते का? लढाई संपली."

स्वयंपाकघरातून सवयीनं प्रश्न आला, "किती जण?"

मी खिडकीतून पाहिलं. दौलतरावांनी ओट्यावर इकडून तिकडे नजर फिरवली. "मी एकलाच," ते म्हणाले.

"मंग तुमचा तुमीच ठेवा," काकू म्हणाल्या. "एकल्याचा तं येते तुमाले."